जखम कामाची, खर्च घरचा

आपल्या बेटावर औषधोपचार मोफत आहे, ही गोष्ट आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. मुंबईहून किंवा कोल्हापुराहून आलेला एखादा आप्त येथल्या सरकारी इस्पितळातून शस्त्रक्रिया होऊन, एक रुपयाही न मोजता बाहेर पडलेला माणूस पाहतो तेव्हा त्याचा विश्वास बसत नाही. हाड मोडलेला मजूर आणि बँकेतला साहेब एकाच दाराने आत जातात, एकाच बाकावर बसतात. ज्यांचे पणजोबा कोकणातून गिरमिटावर येथे आले, त्यांच्या दृष्टीने हे काही लहानसहान मिळवणे नव्हे.

परंतु या 'मोफत' शब्दाने एक प्रश्न आपल्या नजरेआड केला आहे. माणूस स्वतःच्या न्हाणीघरात पाय घसरून पडला तर त्याचा इलाज सर्वांच्या करातून व्हावा, हे योग्यच. पण तोच माणूस दुसऱ्याच्या कामावर, दुसऱ्याच्या परांचीवरून, दुसऱ्याच्या घाईपायी पडला तर? इस्पितळ तेव्हाही बिल देत नाही. म्हणून आपण धरून चालतो की खर्चाचा प्रश्नच उरला नाही. वास्तविक खर्च कुठे जात नाही. तो फक्त ज्याच्यामुळे झाला त्याला सोडून दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन बसतो. माझे म्हणणे एवढेच आहे की तो ज्याच्यामुळे झाला त्याच्या दारात परत गेला पाहिजे.

माझ्या परिचयातील एका गवंड्याची हकिगत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. त्याला अजून त्याच लोकांत काम शोधायचे असते. एका घराच्या वरच्या मजल्याचे सेंटरिंग चालू होते. फळी सरकली आणि हा गडी सरळ उभा खाली आला, टाचांवर. अशा पडण्यात टाचेचे हाड फुटते. बाहेरून फारसे रक्तही दिसत नाही, त्यामुळे भोवतालची माणसे म्हणतात, 'थोडक्यात निभावले.' ठेकेदाराने त्याला आपल्याच गाडीतून इस्पितळात नेले. हा चांगुलपणा मी नाकारत नाही. पण वाटेत तो म्हणाला, 'डॉक्टरांना सांग की घरी शिडीवरून पडलो. कागदपत्रांची भानगड कशाला? तुझे काय ते मी बघतो.'

गवंड्याने तसेच सांगितले. कोण सांगणार नाही? पाय सुजलेला, मन घाबरलेले, आणि पुढचे काम देणारा माणूस स्टिअरिंगवर बसलेला. पहिल्या महिन्याचे पैसे ठेकेदाराने पूर्ण दिले, दुसऱ्या महिन्याचे निम्मे. तिसऱ्या महिन्यात त्याचा फोन लागेना.

आता या 'मोफत' उपचाराचा हिशेब पाहा. प्लास्टर मोफत, तपासणी मोफत, गोळ्या मोफत. पण प्लास्टरमधला पाय घेऊन बसमध्ये चढता येत नाही. प्रत्येक फेरीला टॅक्सी. विद्यार्थ्यांना आणि वृद्धांना २००५ पासून बस मोफत झाली, पण चाळिशीतला लंगडणारा माणूस या दोहोंत बसत नाही. स्कॅनची तारीख लांबची मिळाली, आणि घरच्यांनी उसनवारी करून तो बाहेर, खासगीत करून घेतला. व्यायामोपचाराची इस्पितळातली पाळी आठवड्यातून एकदा. टाच मोकळी व्हायची तर अधिक वेळा हवी, म्हणून पुन्हा खासगी. बुटात घालायची खास गादी. त्याची पत्नी कापडाच्या कारखान्यात होती. नवऱ्याला घेऊन जाण्यासाठी तिचे दिवस बुडाले, आणि दिवसांबरोबर हजेरीचा बोनसही. या रकमा एकेकट्या लहान वाटतात. परंतु ज्या घरात पगार थांबलेला आहे त्या घरात लहान रक्कम अशी नसतेच.

आणि खरी गोष्ट तर पुढे आहे. टाचेचे हाड वेडेवाकडे जुळले की तिच्या वरचा सांधा हळूहळू झिजतो. दोन वर्षांनी डॉक्टर म्हणाले की सांधा जखडून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि परांचीवरचे काम कायमचे विसरावे लागेल. तेव्हा त्या माणसाला अपघाताच्या भत्त्याची आणि कायमच्या अपंगत्वाची आठवण झाली. पण इस्पितळाच्या वहीत काय लिहिले होते? 'घरी पडला.' स्वतःच्याच तोंडचे ते दोन शब्द त्याच्याविरुद्ध साक्षीदार होऊन बसले.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा या बेटावर १९३१ सालीच झाला, मजूर पक्ष स्थापन होण्याच्या पाच वर्षे आधी. त्यानंतर १९७६ च्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन कायद्याने कामावरच्या अपघाताला पेन्शन योजनेत स्वतंत्र जागा दिली. त्याची रचना साधी होती: पहिले दोन आठवडे मालकाने पूर्ण पगार द्यायचा, त्यानंतर योजनेतून विम्याच्या पगाराच्या ८० टक्के भत्ता, आणि दुखापत कायमची ठरली तर वैद्यकीय मंडळाने टक्के ठरवून पेन्शन किंवा रक्कम. उपचार सरकारी इस्पितळात मोफत. २००५ चा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा कायदा आहे, २०१९ चा कामगार हक्कांचा कायदा आहे. कागदावर आपण कित्येक मोठ्या देशांच्या पुढे आहोत.

पण या रचनेत एक पोकळी राहिली. समजा, पगार २०,००० रुपये. ८० टक्क्यांचे होतात १६,०००. चार हजारांची तूट झाली. जादा कामाचे पैसे, ज्यांवर आपल्याकडची निम्मी घरे चालतात, ते तर बंदच. आणि बरोबर त्याच महिन्यांत टॅक्सी, स्कॅन, मालिश, बाहेरची औषधे हे खर्च सुरू होतात. भत्ता हा पगाराच्या जागी असतो, उपचाराच्या खर्चासाठी नसतो. तो खर्च शून्य आहे असे गृहीत धरलेले आहे, कारण इस्पितळ मोफत आहे ना!

शिवाय ही व्यवस्था होती पगारदारासाठी. स्वतःचा धंदा करणारा माणूस त्या अपघाताच्या लाभांत बसत नव्हता. म्हणून हातावर पोट असलेल्या कारागिराला 'तू माझा कामगार नाहीस, स्वतंत्र कारागीर आहेस' असे सांगणे किती सोयीचे आहे, हे चाणाक्ष ठेकेदाराला शिकवावे लागत नाही. सकाळी सातला यायचे त्याने सांगितलेल्या वेळी, फळी त्याची, सिमेंट त्याचे, शिव्याही त्याच्याच. फक्त पाय मोडला की तो पाय स्वतंत्र!

या प्रश्नाला आपल्या बेटावर फार जुनी मुळे आहेत, आणि ती आपल्याच घराण्यांतून गेलेली आहेत. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर जे काही थोडे अवशेष उरले आहेत त्यांत प्रसिद्ध पायऱ्या आहेत तशी एक इस्पितळाची इमारतही आहे. म्हणजे गिरमिटिया मजुराची बेटाशी ओळख व्हायची तीच वैद्यकीय तपासणीसह. शरीर धडधाकट असणे ही कराराची पहिली अट. मळ्यावरही इस्पितळ असावे असा नियम होता, आणि उपचाराचा खर्च मळेवाल्याचा. तत्त्व म्हणून पाहिले तर ते आजच्याहून स्पष्ट होते: ज्याचे काम, त्याचे औषधपाणी.

प्रत्यक्षात काय झाले? मालकाने खर्च एका हाताने दिला आणि दुसऱ्या हाताने वसूल केला. 'दुहेरी कपात' हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ठाऊक होता. एक दिवस गैरहजर राहिला की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि दंड म्हणून आणखी एका दिवसाची. कोयता पायावर बसलेला, किंवा उसाच्या शेतातले काळे दगड उचलता उचलता कंबर धरलेला माणूस आपल्या झोपडीत पडून राहिला तर गैरहजर ठरण्याची धास्ती. आणि इस्पितळात जावे तर त्या इस्पितळाची अवस्था अशी की माणसे तेथे जायलाच भीत. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हिट्झ यांनी जो अर्ज लिहिला त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या-निशाण्या होत्या. त्यानंतर १८७२ मध्ये रॉयल कमिशन आले आणि त्याने मळ्यांवरच्या इस्पितळांचीही झाडाझडती घेतली. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर आले. (हे नावाचे डॉक्टर, धंद्याने बॅरिस्टर.) त्यांनी १९०९ च्या कमिशनपुढे मजुरांचे गाऱ्हाणे मांडले. खरे वैद्यकीय डॉक्टर नंतर राजकारणात उतरले: १९३६ मध्ये मजूर पक्ष स्थापन करणारे मोरिस क्युरे, आणि त्यानंतर शिवसागर रामगुलाम. या देशात मजुराची बाजू घेणाऱ्यांत डॉक्टर पुढे होते, याचे मला नवल वाटत नाही. मळ्यावरची मोडलेली माणसे अखेर त्यांच्याच टेबलावर येत होती.

मग स्वातंत्र्य आले, सरकारी इस्पितळे वाढली, मळ्यावरचे दवाखाने मागे पडले. हे चांगलेच झाले. परंतु त्या ओघात एक गोष्ट नकळत झाली. उपचाराचा भार मालकाच्या खांद्यावरून उतरून सरकारच्या खांद्यावर आला, आणि सरकारचा खांदा म्हणजे तुमचा-आमचा. जुना मळेवाला निदान आपल्या मजुराच्या तापाचा हिशेब ठेवी. आजच्या ठेकेदाराला आपल्या माणसाच्या टाचेला किती खर्च आला हे कळतसुद्धा नाही. त्याच्या वहीत ती टाच नोंदलीच जात नाही.

आणि जे वहीत नसते ते सुधारत नाही. परांचीला कठडा लावायला पैसे पडतात. तो खर्च मालकाला आज दिसतो. कठडा न लावल्याचा खर्च इस्पितळाला, पेन्शन योजनेला आणि गवंड्याच्या बायकोला दिसतो. असे असताना कठडा कोण लावील? माणसे दुष्ट आहेत असे मी म्हणत नाही. हिशेबच असा मांडून ठेवला आहे की निष्काळजीपणा स्वस्त पडतो.

योजनेची वर्गणीही या हिशेबाला हात लावत नव्हती. दगड फोडणारी खाण असो की कारकुनांची कचेरी, मालकाने पगाराचे ठरलेले टक्के भरायचे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये जुन्या पेन्शन फंडाची वर्गणी बंद झाली आणि तिच्या जागी सी.एस.जी. आली, तेव्हाही दर ठरला तो पगाराच्या आकड्यावरून, म्हणजे पन्नास हजारांच्या आत इतका आणि वर तितका. कामाच्या धोक्याचा त्यात कोठे विचार नव्हता. ज्याच्याकडे दर वर्षी माणसे पडतात आणि ज्याच्याकडे दहा वर्षांत कोणाला खरचटलेही नाही, ते दोघे एकाच मापाने मोजले गेले.

याहून वेगळे करता येते का? फार लांब जायला नको. समुद्रापलीकडचे रेयुनियों पाहा. ऊस तोच, वादळे तीच, बांधकामही साधारण आपल्यासारखेच. पण तो फ्रान्सचा जिल्हा असल्यामुळे तेथे फ्रान्सचा कायदा चालतो, आणि फ्रान्सने कामावरच्या अपघाताचा कायदा १८९८ मध्येच केला. तेथे अपघात झाला की मालकाने कामगाराच्या हाती एक कागद द्यायचा. तो कागद दाखवला की डॉक्टर, औषधे, व्यायामोपचार यांचे ठरलेल्या दराने होणारे पैसे विमा परस्पर देतो. कामगाराने खिशात हात घालायचा नसतो. त्या विम्याचे पैसे भरतो फक्त मालक. फ्रान्समधील मोठ्या कंपन्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या अपघातांवरून ठरतो, लहानांचा त्या धंद्याच्या एकूण धोक्यावरून. म्हणजे फळी सरकली की पुढच्या हप्त्यात ते दिसते.

जर्मनीने हे त्याहून आधी, १८८४ मध्ये केले. तेथल्या मालकांच्या अपघात-संघांना लवकरच एक व्यावहारिक गोष्ट उमगली. अर्धवट बऱ्या झालेल्या माणसाला जन्मभर पेन्शन देण्यापेक्षा त्याला पहिल्याच वेळी नीट बरे करणे स्वस्त पडते. म्हणून त्यांनी स्वतःची अपघात-इस्पितळे काढली. बोखुम येथे खाणकामगारांसाठी १८९० मध्ये उघडलेले इस्पितळ अजून चालू आहे. धर्मादाय म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. आमच्या गवंड्याला आठवड्यातून तीनदा व्यायाम मिळाला असता तर दोन वर्षांनी शस्त्रक्रिया टळली असतीच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण ज्याला त्या शस्त्रक्रियेचे आणि पेन्शनचे पैसे भरावे लागणार, त्याने तो व्यायाम नक्कीच करून घेतला असता.

श्रीमंत युरोपच्या गोष्टी आम्हाला कशाला, असे कोणी म्हणेल. मग आपल्या पूर्वजांच्या देशाकडे पाहा. भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्यात मृत्यूचे पैसे होते, हात-पाय गेल्याचे पैसे होते, परंतु उपचाराच्या खर्चाचा शब्द नव्हता. राज्य विम्याच्या इस्पितळांच्या कक्षेत येणाऱ्या कारखान्यांतला कामगार सुटला. बाकीच्यांनी दागिने गहाण ठेवले. अखेर २००९ मध्ये त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एक छोटेसे पोटकलम आले: कामाच्या ओघात झालेल्या दुखापतीच्या उपचाराला प्रत्यक्ष आलेला खर्च मालकाने कामगाराला परत द्यावा. एका वाक्याचे ते कलम. त्याची अंमलबजावणी सर्वत्र होते असे नाही, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही बांधकाम मजुराला विचारले तर कळेल. पण निदान वाक्य तरी आहे, आणि वाक्य असले की वकिलाला बोट ठेवायला जागा मिळते.

असे वाक्य आपल्या कायद्यात ठळकपणे असावे, ही माझी पहिली मागणी. सरकारी इस्पितळ वेळेवर जे देऊ शकत नाही, आणि डॉक्टर ज्याची गरज लेखी मान्य करतात, तो स्कॅन, तो व्यायामोपचार, ती टॅक्सी यांचा खर्च ज्याच्या कामावर अपघात झाला त्याने किंवा त्याच्या विम्याने द्यावा. दुसरी मागणी अशी की धोक्याच्या धंद्यांची वर्गणी धोक्याप्रमाणे ठरावी आणि अपघात कमी केले तर ती उतरावी. शिवाय सरकारी इस्पितळानेही कामावरच्या अपघाताचा हिशेब वेगळा ठेवून तो त्या निधीकडून वसूल करावा. ते पैसे इस्पितळालाच मिळाले तर हाडांच्या विभागातली रांगही आखूड होईल.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप, लहान मालक बुडेल. एकट्याच्या खिशातून द्यायचे म्हटले तर बुडेलच. म्हणून तर विमा, आणि म्हणून धंद्यावार निधी. मोटार रस्त्यावर काढायची तर विम्याशिवाय चालत नाही, आणि त्यामुळे लहान टॅक्सीवाला काही नाहीसा झाला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसे विमा देणार म्हटल्यावर खासगी क्लिनिके बिले फुगवतील. हे होईल, यात मला शंका नाही. त्यासाठीच फ्रान्सप्रमाणे दर आधी ठरवून द्यावे लागतील, आणि डॉक्टरची लेखी गरज हवी. तिसरा आक्षेप असा की कामगार खोटे सांगतील, घरी पडून कामावर पडलो म्हणतील. काही म्हणतीलही. पण आज नेमके उलटे खोटे चालू आहे, कामावर पडून घरी पडलो म्हणण्याचे, आणि त्याबद्दल मात्र कोणी ओरडत नाही. कोणते खोटे अधिक महाग पडते याचा विचार आक्षेप घेणाऱ्यांनी करावा.

आता थोडे आपल्याविषयी. या पानाच्या वाचकांत आज उसाच्या शेतात राबणारे फार थोडे उरले आहेत. आपली मुले शिक्षक झाली, पोलिसात गेली, कचेऱ्यांत गेली. काहींनी स्वतःच्या गाड्या घेतल्या, काहींनी बांधकामाचे ठेके. म्हणजे दुखापतीच्या या गोष्टीत आपण आता फक्त पडणाऱ्याच्या बाजूला नाही. कित्येकदा फळीच्या मालकाच्या बाजूला आहोत. कारखान्यांत आणि बांधकामांवर आज बांगलादेशातून, नेपाळातून, मादागास्करातून, आणि हो, भारतातूनही माणसे करारावर आलेली आहेत. त्यांची शयनगृहे पाहिली की मला जुने काम्प आठवतात. अशा माणसाच्या हातात शिलाईयंत्राची सुई घुसली किंवा रंगखात्यात पाय भाजला तर त्याला भीती एकच: घरी पाठवतील. तो वेदनेची गोळी खातो आणि गप्प बसतो. ज्यांच्या पणजोबांना दुहेरी कपात लागत होती, त्यांनी तरी हे गप्प बसणे ओळखावे.

आणि ज्याचा ठेकाबिका काही नाही असा सामान्य गृहस्थ? तोही मालक होतो, आयुष्यात निदान एकदा: घरावर दाल ओततात त्या दिवशी. (भारतातले वाचक हे पान पाहत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो, ही ताटातली डाळ नव्हे, तुम्ही जिला स्लॅब टाकणे म्हणता तीच क्रेओलीतली दाल.) काय उत्साहाचा दिवस असतो तो! भावकी जमते, शेजारी जमतात, पहाटेपासून मिक्सर घरघरतो, बायका मोठ्या पातेल्यात ब्रियानी शिजवतात. त्या गडबडीत वरच्या फळीवर कोण उभा आहे, त्याच्या पायात बूट आहेत की रबरी चपला, त्याला टेकायला काही आहे की नाही, हे कोण बघतो? दहा-पंधरा माणसे वर असतात. त्यांतले निम्मे नातलग, निम्मे ठेकेदाराने सकाळी कुठून तरी गोळा करून आणलेले, ज्यांची नावेही घरधन्याला ठाऊक नसतात. कोणी पडला तर तो कोणाचा कामगार? ठेकेदार म्हणणार, घरधन्याचा. घरधनी म्हणणार, ठेकेदाराचा. आणि तो स्वतः इस्पितळात म्हणणार, घरी पडलो.

म्हणून कायदा बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. जखमी माणसाबरोबर इस्पितळात जो कोणी जाईल त्याने एवढे पाहावे की वहीत 'कामावर, अमुक ठिकाणी, अमुक वाजता पडला' असेच लिहिले जाईल. ज्याने पाहिले त्याचे नाव त्याच दिवशी कागदावर घ्यावे. सहा महिन्यांनी कोणाला काही आठवत नसते. सरळ गोष्टीसाठी 'भानगड' हा शब्द जो वापरतो त्याच्या गाडीतून शक्यतो जाऊ नये. शेजाऱ्याची गाडी बघावी. टॅक्सीची, औषधाची, स्कॅनची पावती बिस्किटाच्या डब्यात का होईना, ठेवावी. आणि मालकाने अपघाताची खबर दिली की नाही हे त्याच्या शब्दावर न सोडता समाजसुरक्षेच्या कचेरीत जाऊन विचारावे. आपल्या लोकांत कामगार-संघटनेत बसणारे, कायदा शिकलेले, त्या कचेऱ्यांतच नोकरी करणारे पुष्कळ आहेत. गणपतीच्या वर्गणीसाठी आपण दारोदार जातो. मंडळाच्या दोन शिकलेल्या तरुणांनी महिन्यातून एक संध्याकाळ बैठकेत बसून असे फॉर्म भरून दिले तर त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पाऊस ओसरून थंड हंगाम आला की पुन्हा घराघरांवर सळया दिसू लागतील. ज्यांच्या घरी यंदा दाल पडायची आहे त्यांनी ठेकेदाराशी दर ठरवताना सिमेंटच्या गोणींबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: वर चढणाऱ्या प्रत्येक माणसाची वर्गणी भरलेली आहे का, आणि विम्याचा कागद कुठे आहे? तो हसेल, आणि म्हणेल की इतक्या वर्षांत असे कोणी विचारले नाही. मग त्याने सांगितलेला दर थोडा वाढेल. त्या वाढीव रकमेवर घासाघीस करू नये.